‘दलाली’ नव्हे, नोंदणावळ

ऐरोलीहून प्रश्न आला आहे: ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या सामायिक खातेवहीवर, पैसे पाठवताना जी ‘गॅस फी’ कापतात, तिला मराठीत दलाली म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. ठाणे-वाशी लोकलमध्ये ‘केवढी दलाली कापली रे!’ हे हल्ली इतक्यांदा कानावर येतं की वीट आला. दलाली रकमेवर असते, टक्क्यांत. इथे रकमेचा संबंधच नाही. इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवरचं साधं हस्तांतर २१,००० एकक गॅस (संगणकांच्या कामाचं माप) खातं, मग एक इथर (तिथलं चलन) पाठवा की हजार. बिटकॉइनमध्ये व्यवहाराची नोंद किती बाइट जागा अडवते, त्यावर हिशेब. आणि ‘गॅस’ म्हणजे अमेरिकनांचं पेट्रोल, सिलिंडर नव्हे. तो विषय संपला.

‘व्यवहारशुल्क’ सुचवणाऱ्या परिभाषापंडितांनी कौटिल्य उघडून बघावा. त्याचा शुल्काध्यक्ष नगराच्या महाद्वारापाशी मालावर जकात घेतो. शुल्क हा राजाचा वाटा. ब्लॉकचेनवर राजा कुठला आणलात?

आपल्याकडे नेमका प्रत्यय पडून आहे: ‘-णावळ’. शिवणावळ, दळणावळ, धुणावळ, घडणावळ, लिहिणावळ. केलेल्या कामाचा मोबदला. माल किती मोलाचा, याच्याशी देणंघेणं नाही. जांभळी नाक्यावरचा शिंपी ब्लाउजची शिवणावळ अस्तर आणि गळा पाहून सांगतो, साडीची किंमत विचारत नाही. दिवाळीच्या तोंडावर घाई असेल तर वर चार पैसे जास्त. खाणावळसुद्धा, माझं ठाम मत, आधी जेवणाचे पैसे आणि मग ते घेणारं घर. नौपाड्यातले एक प्राध्यापक स्नेही त्यात ‘आवली’, म्हणजे पंगत, शोधतात. मग शिवणावळीत कुणाची पंगत बसते, ते त्यांनी सांगावं!

तेव्हा ‘नोंदणावळ’ म्हणा. व्यवहार मध्येच फसला तरी खर्च झालेला गॅस परत मिळत नाही, तेही या शब्दात चपखल बसतं: यंत्रांनी काम केलं, मोबदला द्या. ऑगस्ट २०२१ पासून इथेरियमवर तिचे दोन भाग आहेत. गॅसच्या एककाचा मूळ दर गर्दीप्रमाणे दर ब्लॉकला, म्हणजे नोंदींच्या दर गठ्ठ्याला, फार तर साडेबारा टक्के वर-खाली होतो. वरची बक्षिसी व्यवहारांची पडताळणी करणाऱ्याला मिळते. मूळ दराचे पैसे मात्र कुणालाच मिळत नाहीत, जाळून टाकतात, म्हणजे चलनातून कायमचे बाद करतात. जे कुणाच्या हाती पडत नाही तो मोबदला कसला, असं ते प्राध्यापक विचारणारच. विचारू देत. तेवढ्यासाठी मी ‘-णावळ’ सोडणार नाही.