एअर रायफलचे शॉट सारखे डावीकडे जातात, रायफल बदलू का?

नको रे, थांब जरा. तू लिहिलंयस की क्लबची जुनी रायफल आहे, १० मीटरला ग्रुप छान येतो, म्हणजे शॉट एकमेकांच्या जवळ पडतात, पण सगळा डावीकडे ८ गुणांच्या रिंगमध्ये, म्हणजे रायफल ठीकच आहे, उभं राहण्यात गडबड असणार. एक कर, पोझिशन घे, रायफल खांद्याला लाव, डोळे मिट, दोन श्वास घे आणि मग उघड, साइट (रायफलवरचं नेम धरायचं साधन) टार्गेटच्या डावीकडे दिसली तर हाताने ओढून मध्ये आणू नकोस, पाय थोडे फिरव. हाताने ओढलेली रायफल ट्रिगर सुटला की परत तिथेच जाते. आणि टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा आहे बरं का! पाय नीट लावूनही ग्रुप डावीकडेच पडला तर मग साइटचे क्लिक दे, म्हणजे तिचा स्क्रू फिरवून नेम सरकव, आधी नाही.

पैसे घालवायचेच तर जॅकेट आणि बूट मापाचे घे, आणि दोन-तीन प्रकारचे ४.५ मिमी पेलेट (छर्रे) रायफल क्लॅम्पला लावून मारून बघ, जो घट्ट ग्रुप देईल तोच पुढे वापर. बाकी घरी रोज वीस मिनिटं ड्राय फायर (पेलेट न भरता नेम धरून ट्रिगर दाबायचा), भिंतीवर ठिपका लावून, शॉट सुटल्यावरही साइटवरून नजर हलवायची नाही. कंटाळा येतो, माहितीये.

आणि मुंबईतल्या पावसाळ्यात जॅकेट घामाने ओलं असताना बॅगेत कोंबून लोकलने आणू नकोस, माझं तसंच वाकडं झालं, घरी आल्या आल्या हँगरला लावून पंख्याखाली टाक.