तुमचे प्रश्न : कमी पैशातलं भूत आणि मार्कांची भानगड

चोपड्याहून एक वाचक : आमच्या कॉलेजच्या शॉर्टफिल्म स्पर्धेला मला परीक्षक केलंय. एक एन्ट्री झपाटलेल्या मुलीची आहे, अख्खी मोबाईलवर शूट केलेली, केळीच्या बागेतलं घर, मेकअप म्हणजे काजळ आणि टाल्कम पावडर. बाकीचे परीक्षक म्हणतात पोरांकडे पैसा नव्हता, समजून घ्या. किती समजून घ्यायचं?

भाऊ, सूट द्यायचीच, पण कशात द्यायची ते पिक्चर लावायच्या आधी ठरवा. लाईट कमीजास्त आहे, कॅमेरा हलतोय, पावडर गळ्यापर्यंत आली आणि खाली मान काळीच राहिली, द्या सोडून. पण गोष्टीत आणि आवाजात सूट नाही.

गोष्टीत पहिलं बघायचं की भूत शिरायच्या आधी ती मुलगी कोण होती. पोरांना घाई फार, पाचव्या मिनिटाला डोळे पांढरे आणि केस पुढे, अरे पण ती आधी कशी बोलायची, आईशी कशावरून भांडायची, शेवभाजीवर तर्री किती घ्यायची हे मला माहीतच नाही तर ती बदलली हे मला कळणार कसं, माझ्यासाठी ती पहिल्यापासून अशीच. १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट'मधली ती फिरणारी मान सगळ्यांना आठवते, पण पाद्री घरात यायच्या आधी त्या मुलीला किती डॉक्टर बघतात, सुया, मशीन, तपासण्या, आणि आईचा चेहरा उतरत जातो, हे कोणी सांगत नाही. खरी भीती तिथे भरलीये, आणि त्या भागाला पैशापेक्षा लिखाण लागतं.

दुसरं, भुताचे नियम. सुरुवातीला कपाट फेकणारं भूत क्लायमॅक्सला साधी कडी काढू शकत नाही आणि बाहेर उभं राहून नुसतं गुरगुरतं, असं असेल तर सरळ मार्क कापा.

आणि "पैसा नव्हता" म्हटलं की विचारा, मग त्याच्याऐवजी केलं काय? ओरेन पेलीने 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' २००७ मध्ये स्वतःच्याच घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये केला, बेडरूममध्ये कॅमेरा स्टँडवर ठेवला आणि हलवलाच नाही, मग आपणच बसतो कोपरा न् कोपरा शोधत की कुठून काय हलतंय. त्याच्या कितीतरी आधी, १९८१ च्या 'द इव्हिल डेड'मध्ये सॅम रायमीच्या लोकांनी कॅमेरा लाकडी फळीवर बसवला, दोघं फळी धरून जंगलातून धावत सुटले आणि तीच भुताची नजर झाली. एवढं लांब पण कशाला, धुळ्याहून आग्रा हायवेने तासाभरावर मालेगाव, तिथल्या पिक्चर काढणाऱ्या पोरांनी कॅमेरा सायकलवर ठेवून ट्रॉलीचं काम काढलंय आणि बैलगाडीचं क्रेन केलंय. त्यांचे पिक्चर कॉमेडी होते ते सोडा, डोकं बघा.

आता आवाज. चित्र खराब असलं तर माणूस चालवून घेतो, पण डायलॉग विहिरीतून आल्यासारखा आला की पब्लिक मोबाईल काढतं. आणि केळीच्या बागेत शूट करून मागे नेटवरून उतरवलेला इंग्रजी लांडगा ओरडत असेल तर मला राग येतो. रात्री वारा सुटला की केळीची वाळकी पानं जी खरखर करतात, मधेच टिटवी, लांब कुठेतरी मोटर चालू आणि लाईट गेली की ती एकदम बंद पडते, हे सगळं फुकट आहे हो! मोबाईल घेऊन अर्धा तास बांधावर गप बसायचं, बस. ती मोटर बंद पडल्यानंतरची शांतता ज्या पोराने वापरली असेल त्याला माझ्याकडून पाच मार्क जास्त द्या.

धुळ्याहून एक ताई : माझा भाऊ म्हणतो पिक्चर जबरदस्त, सात वेळा दचकलो. मला तर बोअर झाला. खरं कोणाचं?

तुमचं. शांत सीनमध्ये अचानक धाडकन आवाज टाकला की कोणीही दचकेल, कुकरच्या शिट्टीलाही दचकतो माणूस. त्याला रात्री पाणी प्यायला एकट्याने उठून जायला सांगा, बिनधास्त गेला तर पिक्चर फेल.

शिरपूरहून एक वाचक : आम्ही भुताला अहिराणी बोलायला लावलं तर लोक हसले. चुकलं का?

भाषा चुकली नाही, सवय आडवी आली. आपण अहिराणी ऐकतो ती लग्नाच्या गाण्यात नाहीतर यूट्यूबच्या कॉमेडीत, त्यामुळे "तुले काय जोयजे" म्हटलं की हसू तयारच असतं. पण म्हणून लॅटिन बडबडवू नका. हॉलीवूडमध्ये ते का येतं, तर कॅथलिकांच्या १६१४ च्या विधीच्या पुस्तकात झपाटल्याची जी लक्षणं दिलीत त्यात एक हे आहे की माणूस न शिकलेली भाषा बोलतो. तिकडे सैतान विरुद्ध देव. आपल्याकडचं भूत बहुतेक ओळखीचं असतं, विहिरीत गेलेली सून, इच्छा राहिलेला म्हातारा, आणि भगत त्याला विचारतो तू कोन शे, कुठला, काय पाहिजे, मग नारळावरून कोंबडीवर, कोंबडीवरून साडीवर घासाघीस चालते. हा सीन नुसता दोन माणसांवर आणि एका कंदिलावर उभा राहतो, व्हीएफएक्स शून्य. फक्त अहिराणी पहिल्या सीनपासून सगळ्यांच्या तोंडी नको. पुण्यात शिकून आलेली, घरातही साफ प्रमाण मराठी बोलणारी पोरगी एका रात्री मेलेल्या आजीच्या जुन्या अहिराणीत स्वतःच्या बापाला त्याच्या लहानपणीच्या नावाने हाक मारते, असं करून बघा. हसला कोणी तर मला कळवा.

अमळनेरहून एक शिक्षक : स्पर्धेतल्या एका फिल्ममध्ये भगत मुलीला मिरचीची धुरी देतो, चाबकाने मारतो आणि ती बरी होते. मार्क द्यावेत का?

सर, हे बजेटच्या खात्यात टाकूच नका. डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून मारणं, चाबूक, मिरचीची धुरी, हे सगळं त्याच्या अनुसूचीत आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि आता डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ यादीत झपाटलं जाण्याच्या अवस्थेची आजार म्हणून नोंद आहे, म्हणजे डॉक्टरकडे न्यायची गोष्ट आहे ती. तरी धुरीचा सीन दिसला म्हणून फिल्म बाद करू नका, खेड्यात हे होतं आणि दाखवलं पाहिजे. बघायचं ते इतकंच की कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे. चाबूक पडताना मागे ढोल वाजतायत, भगत खालून उंच दिसतोय आणि पोरगी सकाळी फ्रेश होऊन चहा करतेय, तर मार्क कापा आणि पोरांना बोलावून कारण सांगा. तिच्या पाठीवरचे वळ दुसऱ्या दिवशी आईला दिसतात आणि आई नवऱ्याशी बोलणं टाकते, असं काही असेल तर मग फिल्म कच्ची असली तरी वरच्या तिघांत घ्या, आणि बाकीचे परीक्षक ऐकत नसतील तर स्पेशल बक्षीस काढा, त्याला एक ट्रॉफीच जास्त लागते.