जुनी सीएलएस बघायला जाताना

मित्रा, 2004 ची पहिली मर्सिडीज सीएलएस फोटोत बघून भाळू नकोस. आधी मागच्या सीटवर बसून बघ. खालचा सांगाडा मर्सिडीजच्याच त्या काळच्या ई-क्लास गाडीचा, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही तेच, 2854 मिलिमीटर. पण छप्पर कमानीसारखं मागे उतरवलंय, त्यामुळे उंच माणसाचं डोकं टेकतं. मागे जागा दोघांचीच.

दारांच्या काचांना चौकट नाही. म्हणून हँडल ओढलं की काच जराशी खाली सरकायला हवी आणि दार लावल्यावर वर जाऊन रबरात बसायला हवी. हे चारही दारांवर तपास. रबर कडक झालं असेल तर वेगात वाऱ्याची शिट्टी ऐकू येते (मला तर पावसाचं पाणीही मिळालं होतं!). एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली गाडी) असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवायला सांग; सकाळी एखादा कोपरा बसलेला दिसला, तर हवा गळतेय.