डोंगराचं टपाल

आहुप्याच्या देवराईत, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानात, गारंबीच्या वेलाची हातभर लांब सुकी शेंग पडलेली दिसली, म्हणून उचलली. सोबतच्या गावकऱ्याने ती परत ठेवायला लावली. पडलेल्या शेंगेने कोणाचं काय बिघडतं? (एक वाचक, पुणे)

बिघडतं. त्या चपट्या तपकिरी बियांतूनच पुढची गारंबी उगवायची. झाडांच्या शेंड्यांवर चढलेला, मांडीएवढा जाड झालेला तो वेल राईबाहेर कुठे दिसला तर मला जरूर कळवा.

पण गावकऱ्याचा हिशेब साधा असतो: राईतलं ते देवाचं. वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी न्यायची नाही. देवळाला लाकूड हवं असेल तर आधी कौल लावायचा, म्हणजे देवाला विचारायचं; उजवा, म्हणजे होकार, मिळाला तरच कुऱ्हाड. पाला जागीच कुजतो, पाणी मुरतं, खालचा झरा टिकतो. लोकांना हे पक्कं ठाऊक असतं. 1970च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ देवराया धुंडाळत होते, तेव्हा श्रीवर्धनकडच्या गाणी गावाने आपली राई वाचवा म्हणून त्यांना गळ घातली, ती ओढ्याच्या पाण्यापायी.

मला शेंगा उचलणाऱ्यांपेक्षा जीर्णोद्धारवाल्यांची भीती वाटते. उघड्यावरचा शेंदरी तांदळा, म्हणजे देव मानलेला बिनघडणीचा दगड; कितीक ठिकाणी तर देवालाच छप्पर नको असतं. तिथे फरशी येते, पत्र्याचा मंडप येतो, गाडी जाईल असा रस्ता येतो. मग राईची चार झाडं उरतात, पाराभोवती.

वाघ राहिले नाहीत, तरी वाघबारस कशाला? (एक वाचिका, नाशिक)

बिबटे आहेत की! जुन्नरचे तर उसात राहतात.

तुम्ही वसुबारसेला गाय-वासरू पुजता. त्याच आश्विन वद्य द्वादशीला जुन्नर आणि अकोले तालुक्यांच्या डोंगरात महादेव कोळ्यांचे गुराखी वाघोबापाशी जमतात. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. शेंदूर, नारळ, खिरीचा नैवेद्य. पोरांतला कोणी वाघ होतो, कोणी अस्वल. ‘आमच्या शिवारात येशील का?’ असं दटावून त्यांना पिटाळतात. मारून टाकू असं कोणी म्हणत नाही. शिवेपलीकडे राहा, एवढंच मागणं.

बघायचं असेल तर अकोले तालुक्यातल्या राजूरकडे जा. मात्र गावात आधी विचारा, आणि खीर पुढे आली तर नको म्हणू नका.