जाईची पानं पिवळी आणि कळ्यांची गळ: औषधाआधी मुळं बघा

ताई, तुमचं वर्णन दोनदा वाचलं. पश्चिमेची गॅलरी, १२ इंची प्लास्टिकची कुंडी, खाली ताटली, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. तरी जाईची खालची पानं पिवळी, पेरांवर कापसासारखं काहीतरी, आणि कळ्या जांभळट होऊन गळतात. कोणतं औषध मारू, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर आज औषध नको. आज फक्त ताटली काढा आणि पाणी थांबवा.

माती ओली असताना जुनी, खालची पानं सबंध पिवळी पडत असतील तर बहुतेक वेळा मुळं गुदमरलेली असतात. मुळांनाही हवा लागते. मातीत सतत पाणी साचलं की ती कुजतात, मग पाणी ओढणार कोण? वेल मान टाकतो, आपल्याला वाटतं तहानलाय, आणि आपण आणखी ओततो. आईच्या परसातल्या वेलाची फांदी आणून लावलेली माझी पहिली जाई मी अशीच घालवली. ते अजून लागतं मनाला, म्हणून एवढं लांबण लावतेय.

कुंडी आडवी करून चारी बाजूंनी थोपटा आणि मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी असतं. चिमटीत धरून ओढलं की त्याची साल मोज्यासारखी निघून येते, आत नुसता दोरा उरतो, आणि वास तुंबलेल्या मोरीसारखा येतो. तेवढी मुळं स्वच्छ कात्रीने कापा. वरच्या फांद्याही त्याच मानाने कमी करा, कारण उरलेल्या मुळांना सगळा भार पेलणार नाही. नव्या भरणीत निम्मी लाल माती आणि बाकी गांडूळखत, कोकोपीट व थोडी जाड वाळू घाला. शेतातली काळी माती कुंडीत नको, ती ओली असताना चिकट गोळा होते आणि सुकली की भेगाळते. कुंडीची भोकं मोकळी आहेत ना, तेही बघून घ्या.

यापुढे पाणी घड्याळावर नाही, बोटावर. बोट दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही खालून निथळेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये तुमच्या गॅलरीत रोज लागेल, थंडीत दोन-तीन दिवसांआड, पावसाळ्यात कधी आठवडाभर नाही. आता उलटी बाजूही सांगते. कोकोपीट पूर्ण सुकलं की पाणी आत मुरतच नाही, कडेने सरळ खाली वाहून जातं आणि आपल्याला वाटतं पाणी घातलं. तसं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवून बाहेर निथळू द्या.

नवी, शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर गोष्ट वेगळी. तिथे लोह मिळत नाहीये, बोअरच्या जड पाण्याने असं फार होतं.

आता किडीकडे. कापूस दिसतोय तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पेरं न् पेरं पुसा, मग पाण्याची जोरदार धार मारा. दोन दिवसांनी १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य द्रव साबण घुसळून, उन्हं उतरल्यावर पानांच्या पाठीमागून फवारा. जाई संध्याकाळनंतर उमलते, तेव्हा तयार कळ्या आधी खुडून घ्या. देवाला आणि गजऱ्याला जाणारी फुलं ती. दर ७ दिवसांनी असं चारदा करा. एकदा फवारून थांबलात तर अंड्यांतून नवी पिलं निघतात आणि सगळं पहिल्यापासून. मुंग्यांची रांगही मोडा, ढेकणांचा गोड चिकटा मिळावा म्हणून त्या त्यांची राखण करतात.

पानांवर बारीक फिकट ठिपके दिसले तर पांढऱ्या कागदावर पान झटका. ठिपके चालू लागले तर लाल कोळी समजा. तो कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, त्यामुळे मावा-तुडतुड्यांची बरीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. पानांच्या पाठी रोज पाण्याने धुणं हा घरचा उत्तम इलाज.

कळ्यांचं मात्र घाईने ठरवू नका. जाईच्या कळीची पाठ मुळातच गुलाबी असते, तो रोग नाही. गळलेली, फुगीर, जांभळी कळी घ्या आणि सुईने उभी चिरा. आत बारीक, पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या तर ती कळीमाशी. कळीला भोक आणि विष्ठा दिसली तर कळी पोखरणारी अळी. दोन्हींत गळलेल्या कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून फेका, कुंडीत कुजू देऊ नका. कळीमाशीची अळी मातीत उतरून कोष करते, म्हणून वरची इंचभर मातीही खुरप्याने हलवत राहा. आत काहीच नसेल तर गळ पाण्याच्या ओढाताणीमुळे असणार.

वेल सावरेपर्यंत खत देऊ नका. नत्राने कोवळी फूट येते आणि मावा तिच्यावरच तुटून पडतो. मोठी छाटणी जानेवारीत. पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती काढून टाका आणि शेंड्याकडे लक्ष ठेवा. मुळं बाहेर काढलीत की फोटो दाखवा, किती कापायची ते बघून सांगते.