शंका-समाधान : स्क्रीनवर लख्ख, प्रिंटवर काळपट

प्रश्न : लग्नाचे फोटो मॉनिटरवर छान उजळ दिसतात, पण लॅबमधून १२ बाय १८ चे प्रिंट आले की सगळेच काळपट. लॅब बदलून पाहिली, तरी तेच. कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) घ्यावाच लागेल का? (सांगली)

उत्तर : दोन लॅबमधून सारखाच काळपटपणा आला, तर संशय आधी मॉनिटरवर घ्यायचा. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा त्याचा ब्राइटनेस बहुधा २५० निट्सच्या वर असतो (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप). फोटोच्या कामाला ८० ते १२० निट्स पुरतात. झगझगीत पडद्यावर फोटो आपसूक उजळ दिसतो, म्हणून एडिटिंग करताना आपण तो जरा गडदच ठेवतो आणि फाइल तशीच लॅबला जाते. प्रिंटला स्वतःचा उजेड नसतो. त्यावर पडेल तेवढाच तो परत देतो.

खर्चाआधी हे करून पाहा. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या. नाइट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड बंद करा. ज्या दिव्याखाली प्रिंट पाहता त्याच्याखाली, स्क्रीनशेजारी एक कोरा पांढरा कागद धरा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. नंतर डोळे सरावतात. दिवा मात्र बरा हवा : ५००० केल्विनच्या आसपासचा, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, कमाल १००) ९० च्या वर. पिवळ्या बल्बखाली रंगांबद्दल काहीच ठरवू नका.

काळपटपणा एवढ्याने बराचसा जातो, रंगाची झाक मात्र जात नाही. तिच्यासाठी कॅलिब्रेटर. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२ आणि ब्राइटनेस १०० निट्स निवडा. स्क्रीन किंचित मागे कलती करा, म्हणजे यंत्र सपाट टेकतं आणि कडेने उजेड शिरत नाही. बॅकलाइटचा प्रकार विचारला तर अंदाजाने टिचकी मारू नका. वाइड गॅमट (नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणाऱ्या) मॉनिटरला साधा एलईडी सांगितला की मोजणीच चुकते आणि पांढऱ्यावर झाक बसते. सुरुवातीला लाल-हिरवा-निळा गेन (त्या त्या रंगाचा जोर) मॉनिटरच्याच बटणांनी जुळवायला सांगतात. लॅपटॉपवर बहुधा ती सोय नसते, तिथे ब्राइटनेस तेवढा लावून पुढे जा. प्रोफाइल (मॉनिटर रंग कसे दाखवतो याची नोंद ठेवणारी फाइल) तयार झाल्यावर बटणांना हात लावायचा नाही. लावलात तर पहिल्यापासून. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा मोजणी करा.

जुना प्रिंट समोर ठेवून नजरेने मॉनिटरचे रंग फिरवण्याचा मोह टाळा. लॅबने कागद बदलला की सगळं मुसळ केरात.

प्रश्न : कॅलिब्रेशन केलं आहे. तरी हळदीचा पिवळा आणि पैठणीचा जांभळा-राणी रंग प्रिंटवर मेलेला दिसतो. (नाशिक)

उत्तर : आधी फाइल पाहा. अडोबी आरजीबीतली (जास्त रंग मावणाऱ्या रंगसंचातली) फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या लॅबला गेली की सगळेच रंग फिके पडतात. बहुतेक लॅब एसआरजीबी (नेहमीचा, लहान रंगसंच) धरून चालतात. फोटोशॉपमध्ये 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरा. 'असाइन' केलंत तर आकडे तेच राहतात आणि रंग बिघडतो.

फक्त हेच दोन रंग मरत असतील, तर ते कागदाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. लॅबकडून त्यांच्या मशीन-कागदाचा आयसीसी प्रोफाइल (तिथे रंग कसे उमटतात त्याची फाइल) मागा, फोटोशॉपच्या 'प्रूफ सेटअप'मध्ये लावा आणि कंट्रोल-वाय दाबा, म्हणजे प्रिंट कसा येईल ते स्क्रीनवर दिसतं. कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलं की न बसणाऱ्या भागावर राखाडी डाग दिसतात. तिथलं सॅच्युरेशन हळूहळू कमी करा, म्हणजे निदान जरीकाठाची नक्षी तरी वाचते. 'परसेप्च्युअल' आणि 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' (न बसणारे रंग कागदावर बसवायच्या दोन पद्धती) दोन्ही लावून पाहा, एकच एक उत्तर नाही. आणि ऑर्डरवर 'करेक्शन नको' लिहायला विसरू नका, नाहीतर ऑपरेटर तुमच्या मेहनतीवर स्वतःची मेहनत करतो.

प्रश्न : घरच्या इंकजेटवर चेहरे गुलाबी येतात. (पणजी)

उत्तर : बहुधा रंगव्यवस्था दोनदा होते आहे, एकदा फोटोशॉपमध्ये आणि एकदा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये. फोटोशॉपकडे ठेवायची तर ड्रायव्हरमधलं रंगनियंत्रण बंद करा. एप्सनमध्ये त्याला 'नो कलर अॅडजस्टमेंट' म्हणतात. प्रोफाइल कागदाचा हवा, मॉनिटरचा नव्हे. ही चूक सर्रास होते. निकाल प्रिंट निघाल्या निघाल्या देऊ नका, शाई रात्रभर वाळू द्या.

प्रश्न : स्वस्त टीएन पॅनलचा मॉनिटर कॅलिब्रेट केला तर चालेल? (कल्याण)

उत्तर : टीएनवर मान दोन इंच हलली की रंग बदलतो. त्याच पैशांत जुना आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसा न बदलणारं पॅनल) शोधा.