पातेल्याला झाकण नसेल तर

प्रश्न : तंबूतल्या मुक्कामांसाठी मी एक हलके पातेले घेतले आहे. त्याला झाकण नाही आणि त्या मापाचे झाकण वेगळे मिळत नाही. घरच्या घरी झाकण तयार करता येईल का, आणि ते घट्ट बसले नाही तर उपयोगाचे राहील का?

उत्तर : अवश्य करता येईल, आणि घट्टपणाची चिंता आपण सोडून द्यावी. उघड्या पातेल्यातली उष्णता मुख्यतः वाफेवाटे निघून जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,२६० ज्यूल उष्णता खर्ची पडते, आणि तेवढ्या उष्णतेत २० अंश सेल्सियसचे सहा-सात ग्रॅम पाणी उकळीपर्यंत पोहोचू शकते. झाकणामुळे वाफ अडते, तिच्यातला बराचसा भाग झाकणाच्या आतल्या बाजूला निवतो आणि थेंबाथेंबाने पुन्हा पातेल्यात पडतो. एवढे काम पातळ आणि सैल झाकणही चोख करते. उलट गच्च बसणाऱ्या झाकणाखाली पाणी पटकन उतू जाते आणि लहान स्टोव्हची ज्योत विझते.

एकदा वापरून टाकण्याजोगे जे ॲल्युमिनियमचे ट्रे मिळतात, त्यांचा सपाट तळ या कामाला माझ्या मते सर्वांत उत्तम, कारण तो साध्या कात्रीने कापता येतो आणि तरीही फॉइलसारखा चुरगळत नाही. पातेले त्यावर उपडे ठेवून कडेने खिळ्याने रेघ ओढावी आणि त्या रेघेबाहेर साधारण दीड सेंटिमीटर पत्रा ठेवून वर्तुळ कापावे. कापलेली धार हाताला चांगलीच लागते. म्हणून बाहेरचा अर्धा सेंटिमीटर भाग आधी स्वतःवरच दुमडून चमच्याच्या पाठीने दाबून घ्यावा. त्यानंतर पत्रा पातेल्यावर मधोमध ठेवून उरलेली कड अंगठ्याने थोडी थोडी खाली वळवत जावे, मात्र एकाच जागी जोर लावू नये. कडेला बारीक चुण्या पडतील; त्या तशाच राहू द्याव्यात, त्यांच्या फटींतून थोडी वाफ निघून जाते ते बरेच असते. उचलण्यासाठी मध्यभागी दोन भोके पाडून स्टेनलेस स्टीलच्या तारेची कडी ओवावी. वाफेसाठी वेगळे भोक मात्र कडीपासून दूर, काठाजवळ पाडावे आणि झाकण उचलताना ते आपल्या विरुद्ध दिशेला ठेवावे. वाफेने बोटे पोळतात ती बहुधा इथेच.

झाकणाच्या आकारापेक्षा पत्र्याच्या निवडीबाबत अधिक काटेकोर राहावे, असा माझा आग्रह आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा अजिबात वापरू नये, कारण आंबट पदार्थात जस्त विरघळते आणि मुलामा फार तापल्यास निघणारा धूर शरीराला बाधतो. रंगाचे किंवा इंजिन ऑइलचे डबे कितीही घासले तरी अन्नावर ठेवण्याजोगे होत नाहीत. शीतपेयाच्या कॅनलाही बाहेरून छपाईचा रंग आणि आतून प्लास्टिकसारखा पातळ लेप असतो, त्यामुळे आचेजवळ तोही नको.

प्रश्न : झाकणाऐवजी जेवणाची स्टीलची ताटली ठेवली तर चालेल का?

उत्तर : वजनाची अडचण नसेल तर उत्तम चालेल, आणि एक वस्तू कमी न्यावी लागेल. ताटली उपडी न ठेवता सुलटी ठेवावी. पातेल्यापेक्षा मोठी ताटली उपडी ठेवली, तर आत निवलेले पाणी तिच्या उताराने बाहेरच्या कडेला जाऊन स्टोव्हवर ठिबकते. सुलट्या ताटलीचा तळ काठाच्या आत येत असल्यामुळे पाणी पातेल्यातच पडते. सुलट्या ताटलीत शिजवलेला दुसरा पदार्थ गरमही राहतो. मात्र ताटली पातेल्याबाहेर फार पसरलेली नसावी, कारण बाजूने वर येणाऱ्या आचेने तिची कड झपाट्याने तापते; ती नेहमी पकडीनेच उचलावी.